कोरड्या मातीवरची अक्षरं

सेब्रामावशीला पुरलं त्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले, "या माउलीच्या मनात कुणाविषयी राग नव्हता." मी पहिल्याच बाकावर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, बाबा, तुम्हाला इथे येऊन चार वर्षं झाली नाहीत, कशाला ठोकून देता? पण मयताच्या वेळी तमाशा नको म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून सलतं. राग नव्हता म्हणे! चांगला तेरा वर्षं सांभाळलेला राग होता, आणि जिथे पोचवायचा तिथे तिने तो पोचवला. मी त्याची साक्षीदार आहे. साक्षीदार कसली, हाताखालची होते.

मी फिबी. एजफील्डला पेटसच्या मातीच्या बरण्यांच्या भट्टीवर सेब्रामावशी आणि मी, त्याच्या मालकीच्या काळ्या गुलाम बायका, झिलई करायचो. माती खणायचे आमचे लोक, खेचराच्या घाण्यात मळायचे आमचे लोक, चाकावर मिंगोकाका बसायचा, भट्टीच्या तोंडाशी लाकडं सारून भुवया जाळून घ्यायचे तेही आमचेच. थिओफिलस पेटसने उभ्या जन्मात मातीला बोट लावलं असेल तर बुटावरचा चिखल पुसायला. पण प्रत्येक बरणीच्या खांद्यावर शिक्का त्याचा. लोक शंभर मैलांवरून पेटसची बरणी मागायचे. मीठ घातलेलं मांस वर्षभर टिकतं म्हणायचे, चरबीचा एक थेंब झिरपत नाही म्हणायचे. न झिरपायला काय पेटसने आत बसून बोळे लावले होते?

ते न झिरपणं सेब्रामावशीच्या हातात होतं. दर तीन आठवड्यांनी ती खेचराची गाडी घेऊन आसपासच्या मळ्यांवर राख गोळा करायला जायची. प्रत्येक स्वयंपाकघरातली राख ती चिमटीत घेऊन जिभेच्या टोकाला लावायची. ओकची राख वेगळी, पाइनची वेगळी, आणि कुणी कोंबडीची पिसं जाळून घातली असली तर तेही तिला कळायचं. मग त्या बायकांची खैर नसायची. "तुझ्या मालकिणीची राख झाली की तीही अशीच मिसळून देशील ना गं?" असं ती हळूच म्हणायची आणि त्या हात तोंडावर धरून हसायच्या. राख, वाळू आणि माती दगडी जात्यात पाण्याबरोबर दळून आम्ही झिलई बनवायचो. त्याशिवाय बरण्यांवर पांढऱ्या मातीची फुलं काढायचं कामही आमचंच. मातीच्या छोट्या कपाला हंसाच्या पिसाची नळी लावलेली असायची, त्यातून पांढरा घोळ सोडत जायचं.

सेब्रामावशीला एकच मूल. तामार. बारा वर्षांची, दातात फट, आणि हसायला कारण लागायचं नाही. ती मोठ्या घरात तबकं नेण्या-आणण्याचं काम करायची.

एकदा पेटसची बायको नवी टोपी घालून भट्टी बघायला आली. मातीच्या हौदाजवळ पाय घसरला आणि बाई बसल्या धपकन चिखलात. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आम्हाला सवय होती. तामार हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

पेटसने ते पाहिलं. पुढच्या सोमवारी त्याने सेब्रामावशीला सांगितलं, या खेपेला लांबच्या मळ्यांवरून राख आण, तीन दिवस लागले तरी चालतील. ती गेली. तिसऱ्या दिवशी राखेची पोती भरून परत आली तेव्हा तामार नव्हती. गुलामांचा दलाल तिला मंगळवारीच विकत घेऊन गेला होता. कुठे, ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. पश्चिमेला, एवढंच.

सेब्रामावशी तशीच, राखेने पांढरी झालेली, मोठ्या घराच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. "मालक, माझी पोर कुठे पाठवली?"

पेटस वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, "राख नीट चाळलीस का? मागच्या वेळी खडे होते."

बस. एवढंच. त्या दिवशी ती भट्टीवर आली, पोती उतरवली आणि राख चाळायला बसली. मी रडत होते. ती म्हणाली, "फिबे, तू रडून घे. मला रडायला वेळ नाही, मला हे लक्षात ठेवायचंय."

आठ वर्षांनी लढाई संपली आणि आम्ही गुलामीतून सुटलो. भट्टीवरची निम्मी माणसं त्याच आठवड्यात निघून गेली. सेब्रामावशी थांबली. लोक म्हणायचे, म्हातारीला पेटसचा लळा लागलाय. हे ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. ती थांबली होती ती दोन कारणांनी. तामार शोधत आली तर इथेच येईल, हे एक. आणि तिला कुठल्या नावाने, कुणाला विकली हे सांगणारा या पृथ्वीवर एकच माणूस होता, हे दुसरं.

नावाचं म्हणाल तर तो संशय तिला हळूहळू आला. सुटका झाल्यावर आमच्यातले सगळेच आपापली माणसं शोधत होते. चर्चमध्ये दर रविवारी नावं वाचली जायची. सेब्रामावशी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शाळेत जाऊन अक्षरं शिकली. आधी मुलीचं नाव लिहायला शिकली, मग बाकीची. पंधरा-वीस गावांच्या चर्चना तिने पत्रं पाठवली: तामार, एजफील्डच्या पेटसच्या भट्टीवरची, आई सेब्रा, पुढच्या दातांत फट. अलाबामाहून उत्तर आलं, टेक्सासहून आलं. या नावाची कुणी नाही. पाच वर्षं तेच उत्तर. तेव्हा ती म्हणाली, "तिचं नाव बदलून विकलीय त्याने. पोर कुठेतरी बसलेली असेल आणि चर्चमध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाचतायत असं तिला वाटत असेल. गेली तेव्हा बारा वर्षांची होती. स्वतःचं नाव तरी तिच्याजवळ राहिलं असेल का?"

पेटसला ती दर वर्षी एकदा विचारायची. आता मजूर म्हणून, ताठ मानेने. तो दर वर्षी म्हणायचा, "मला काय माहीत?"

मग अठराशे सत्तर सालच्या शरदात पेटसच्या अंगात पाणी झालं. पाय उखळासारखे सुजले. डॉक्टरने हात वर केले. तेव्हा त्याला कबर आठवली. संगमरवर कुणीही लावतं, म्हणाला, माझ्या कबरीवर माझ्याच भट्टीची पाटी पाहिजे, गर्द हिरव्या झिलईची, त्यावर माझं नाव पांढऱ्या अक्षरांत, आणि मरायच्या आधी ती मला डोळ्यांनी बघायची आहे. असं काम करणारी माणसं आता उरली होती तीन: मी, मिंगोकाका आणि सेब्रामावशी.

तिने निरोप पाठवला नाही, स्वतः गेली. मी बरोबर होते.

"पाटी करते," ती म्हणाली. "पण आधी नाव सांगा. तामारला कुठल्या नावाने विकली आणि कुणाला."

पेटस उशांवर टेकून बसला होता. आमच्याकडे बघून तो चक्क हसला. "आधी पाटी. भट्टीतून निघालेली, समोर ठेवलेली. मग सांगतो."

"शब्द देता?"

"शब्द देतो."

घरी येताना मी म्हटलं, "मावशी, त्याचा शब्द म्हणजे काय ते तुला सांगायला पाहिजे का?"

ती म्हणाली, "नको. मी दोन पाट्या करणार आहे."

मिंगोकाकाने सारख्या दोन पाट्या थापल्या, हातभर उंच, वरून गोल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हव्या तशा घट्ट झाल्या. नख टेकवलं तर खूण उमटते पण चिकटत नाही, तेव्हा लिहायचं असतं. सेब्रामावशीने एका पाटीवर पांढऱ्या घोळाने नाव लिहिलं. इतकं सुंदर, की मला चीड आली. दुसरी पाटी तिने उचलून उन्हात ठेवली.

मी बघतच राहिले. मला त्या ठेवण्याचा अर्थ पाठीवरून कळला, खरंच पाठीवरून. मी कामावर नवी होते तेव्हा एकदा बरण्यांवरची ओली पोती काढून ठेवली आणि विसरले. बरण्या पार सुकल्या. भीतीने मी कुणाला न सांगता तशाच सुक्या मातीवर फुलं काढली, वर झिलई चढवली. भट्टीतून निघाल्या तेव्हा दृष्ट लागेल अशा. मुकादमाने शाबासकी दिली. हिवाळाभर त्या बाहेर अंगणात राहिल्या आणि दहिवर गोठायला लागल्यावर एकेक फूल झिलईसकट पापुद्र्यासारखं गळून पडलं. बरण्या धडधाकट, वाजवल्या तर घणघणीत, पण फुलं जमिनीवर. पेटसने स्वतः उभं राहून मला वीस फटके मारायला लावले. रात्रभर पाठीला चरबी चोळताना सेब्रामावशी सांगत होती, "ओल्या मातीत घोळ मुरतो गं. सुक्या मातीवर तो पाहुण्यासारखा नुसता बसतो. थंडी पडली की उठून जातो."

तीन दिवसांनी तिने सुकलेल्या पाटीवर तेच नाव तितक्याच सुंदर हाताने लिहिलं.

"मावशी," मी म्हटलं, "दोन्ही अशाच कर ना. कशाला त्याला चांगली द्यायची?"

तिने पिसाची नळी पुसली. "त्याने खरं सांगितलं तर त्याला खरी मिळेल. मी पेटस नाही."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. माझ्या हातात असतं तर मी दोन्ही पाट्यांवर डुकराचं चित्र काढलं असतं.

दोन्ही पाट्या एकाच भट्टीत, शेजारी शेजारी भाजल्या. निघाल्या तेव्हा मिंगोकाकालाही ओळखू येईना कुठली कोणती. सेब्रामावशीने चांगल्या पाटीच्या मागे कोळशाने एक रेघ ओढली, ती शेडमध्ये ठेवली आणि दुसरी आम्ही हातगाडीवर घालून मोठ्या घरी नेली. खरं नाव कळलं की पाटी पुसायला म्हणून परत आणायची आणि बदलायची, असं ठरलं होतं.

पेटसच्या पलंगाजवळ खुर्चीवर ती उभी केली. त्याचा मुलगा एल्डन ओसरीवर कुणाशी तरी बोलत होता. पेटसने सुजलेलं बोट अक्षरांवरून फिरवलं. "थिओफिलस पेटस," त्याने वाचलं. मग परत वाचलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या नावाला बघून रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आता माझं," सेब्रामावशी म्हणाली. "कुठल्या नावाने विकलीस माझी पोर?"

'विकलीस' म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला अरेतुरे केलं. त्याच्या लक्षातही आलं असावं, पण तो खुशीत होता.

"तुला काय वाटलं, मी तिच्यासाठी नाव शोधत बसलो असेन?" तो म्हणाला. "दलालाच्या कागदावर नावाची जागा होती, ती मी रिकामी सोडली. 'एक मुलगी, वय बारा, दात चांगले.' एवढंच लिहिलं. ज्याने घेतली असेल त्याने ठेवलं असेल काहीतरी."

"आणि दलाल?"

"तो लढाईत मेला. त्याचे कागदही जळाले. मला हे कधीचं माहीत आहे."

"मग शब्द कशाला दिलास?"

"नाहीतर तू पाटी नीट केली असतीस का?"

मला वाटलं ती त्याचा गळा धरेल. मी तर तयारच होते, दारही लावून घेतलं असतं. पण ती खुर्चीजवळ गेली, पाटीवरची नसलेली धूळ बाहीने पुसली आणि अगदी सावकाश बोलली.

"नीट बघून घे पेटस. दोन केल्या होत्या मी. एक ओल्या मातीवर लिहिलेली, ती शेडमध्ये आहे. खरं नाव दिलं असतंस तर ती तुझ्या उशाशी लागली असती. ही सुक्या मातीवर लिहिलेली आहे."

तीस वर्षं भट्टीचा मालक होता तो. हाताने काही केलं नसेल, पण कशासाठी कुणाला फटके द्यायचे हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मी तो मनसोक्त बघून घेतला. लाज वाटायला पाहिजे होती म्हणतात. नाही वाटली.

"एक हिवाळा," सेब्रामावशी म्हणाली. "मग तिथे कोण पडलंय हे सांगायला काही राहणार नाही."

"एल्डन!" तो ओरडला. "एल्डन!"

एल्डन धावत आला. "ही पाटी वाईट आहे," पेटस धापा टाकत म्हणाला. "फोडून टाक. अक्षरं पडतील! माझं नाव पडेल!"

एल्डनने पाटीवर बोटाचं पेर आपटलं. घंटेसारखा आवाज आला. नखाने 'पे' खरवडून पाहिला. काही झालं नाही. "बाबा, किती छान झालीय. तुम्हाला ताप चढलाय."

"शेडमध्ये दुसरी आहे! ती आण! या बाईला विचार!"

एल्डनने आमच्याकडे पाहिलं. सेब्रामावशी हात जोडून, मान खाली घालून उभी होती, पूर्वी उभी राहायची तशी. "छोटे मालक, फार त्रास होतोय हो त्यांना," ती म्हणाली. "आम्ही निघतो. त्यांना पडू द्या."

ओढ्यापर्यंत आम्ही चालत गेलो. तिथून मात्र ती पळाली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे धरलेली, घागरा दोन्ही हातांनी वर उचलून अशी पळाली की मला गाठवेना. शेडमध्ये शिरली, पाठीवर कोळशाची रेघ असलेली पाटी ओढून बाहेर आणली आणि माती कुटायचा लाकडी ठोकळा तिच्यावर घातला. एका घावात नाही फुटली. चांगली होती ना! चौथ्या घावाला दोन तुकडे झाले. मग मीही दगड घेतला. त्या पाटीचं आम्ही खापर खापर केलं आणि ओंजळीओंजळीने भट्टीमागच्या ढिगावर टाकलं, जिथे तीस वर्षांची फुटकी मडकी पडलेली होती. शेवटी ती खाली बसली आणि तेव्हा रडली. तेरा वर्षांचं राहिलेलं रडली. "रिकामी सोडली गं फिबे," ती म्हणत होती. "जागा होती, आणि रिकामी सोडली."

ऊन कलायच्या आत एल्डन आलाच. बापाच्या समाधानासाठी आला होता, त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता. "दुसरी पाटी आहे का गं काही?"

"कसली दुसरी पाटी, छोटे मालक?" सेब्रामावशी राख चाळत म्हणाली.

पेटस त्यानंतर अकरा दिवस जगला. त्या घरी स्वयंपाकाला आमची लेटिस होती, तिच्याकडून रोजची खबर मिळायची. येईल त्याचा हात धरून तो सांगायचा, पाटी बदला. डॉक्टरला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, बायकोला सांगितलं. सगळे म्हणायचे हो, बदलू. डॉक्टरने झोपेच्या थेंबांचं प्रमाण वाढवलं. शेवटच्या दिवशी म्हणे तो लेटिसलाच म्हणाला, तू तरी लक्षात ठेव माझं नाव. लेटिस म्हणाली, "कोण बोलतंय?" आणि सूप ठेवून निघून आली. आम्ही त्या रात्री मक्याच्या भाकरीवर काकवी घालून खाल्ली.

त्या वर्षी थंडी कडक पडली. डिसेंबरात दोनदा दहिवर गोठलं आणि काही हललं नाही. मला धाकधूक लागली. सेब्रामावशी नुसती म्हणायची, "बसू दे पाहुण्याला." जानेवारीत पाऊस पडला आणि लगेच दुसऱ्या सकाळी सगळं गोठलं. त्या रविवारी आमचे लोक चर्चमधून येताना मुद्दाम गोऱ्यांच्या कबरींच्या कुंपणावरून आले. 'थि' गेला होता. फेब्रुवारीभर रोज काही ना काही गळत होतं. आमच्यातली जी माणसं कधी एक अक्षर शिकली नव्हती तीही येऊन विचारायची, आज कुठलं पडलं? मार्च लागला तेव्हा हिरवी पाटी होती, तिच्यावर मातीचे खडबडीत डाग होते, आणि खाली गवतात पांढऱ्या कपच्या पडल्या होत्या.

तामार सापडली नाही. ते सांगून टाकते, कारण ऐकणारा वाट बघत राहतो. सेब्रामावशीने त्यानंतर पत्रांत मुलीचं नाव लिहिणं सोडलं. दातांतली फट आणि हसणं, एवढंच लिहायची. मरेपर्यंत लिहीत होती. त्या पाटीने आम्हाला काही परत मिळालं नाही. पण म्हणून ती लावायला नको होती असं कुणी मला सांगू नये.

मार्चच्या मधल्या आठवड्यात एल्डन शेडवर आला. टोपी हातात, चेहरा उतरलेला. बापाचं बरळणं त्याला आता आठवत असावं, पण आठवलेलं तो कुणाला सांगणार?

"सेब्रा, पाटी नवी करून दे," तो म्हणाला. "अक्षरं गेली सगळी. लोक हसतायत."

सेब्रामावशी बरणीवर फूल काढत होती. तिने मान वर केली नाही. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते, की मावशी, जपून बोल. त्या दिवसांत गोऱ्या माणसाला उलट उत्तर दिलं म्हणून माणसं झाडाला लटकत होती.

"करते की," ती म्हणाली. "काय लिहायचं?"

"काय म्हणजे? बाबांचं लिही."

"लिहिते," ती म्हणाली, आणि पाकळी पुरी केली. "एक पुरुष, वय सदुसष्ट. दात कसे होते, ते तुम्ही सांगा."